एक्स-प्लेन १२ मधले धुके : इन्स्ट्रुमेंट सरावाच्या दृष्टीने परीक्षण

कोल्हापुरातली जी मुले वैमानिक होण्यासाठी बारामतीला किंवा परराज्यात शिकायला जातात, ती सुट्टीत घरी आली की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो की घरच्या संगणकावर कोणता सिम्युलेटर घ्यावा. मी या मुलांचा हवामानशास्त्राचा आणि नेव्हिगेशनचा अभ्यास घेतो आणि संध्याकाळी राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर त्यांच्याकडून सिम्युलेटरचा सरावही करून घेतो. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी एकाच कसोटीवर देतो : ढगात आणि धुक्यात, केवळ उपकरणांच्या भरवशावर विमान धावपट्टीपर्यंत आणण्याचा सराव त्यावर नीट होतो का? देखावे किती हुबेहूब आहेत, विमानांचे प्रकार किती आहेत, हे मुद्दे माझ्या लेखी दुय्यम आहेत. या कसोटीवर लॅमिनार रिसर्चचा एक्स-प्लेन १२ मला सध्या सर्वांत उपयुक्त वाटतो. तो तसा का वाटतो, त्यातले हवामान कसे मांडावे आणि तो कुठे अपुरा पडतो, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

आधी या सरावाची गरज का आहे, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना त्यात ढगात शिरल्यासारख्या परिस्थितीत नेले गेले आणि त्या विसांपैकी प्रत्येकाचे विमानावरचे नियंत्रण सुटले. सरासरी वेळ निघाली १७८ सेकंद, म्हणजे जेमतेम तीन मिनिटे. आजही उड्डाणाच्या वर्गात हा आकडा सांगितला जातो तो घाबरवण्यासाठी नव्हे. डोळ्यांना क्षितिज दिसेनासे झाले की माणसाची स्वतःची जाणीव किती लवकर फसते, हे त्यातून कळते म्हणून. प्रत्यक्ष विमानात हा सराव डोळ्यांवर हूड लावून होतो. हूडमुळे विद्यार्थ्याला फक्त उपकरणे दिसतात आणि ठरलेल्या उंचीवर आल्यावर प्रशिक्षक हूड काढायला सांगतो. मात्र हूड काढल्यावर समोर लख्ख उन्हातली, दहा किलोमीटरवरून दिसणारी धावपट्टी असते. खऱ्या धुक्यात तसे घडत नाही. तिथे अर्धवट, पुसट, हलणारे असे काहीतरी दिसते आणि ते पुरेसे आहे की नाही, हे दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. हूडमधून न मिळणारा हाच अनुभव सिम्युलेटरने दिला पाहिजे आणि तो देता येतो की नाही, हे सर्वस्वी हवामानाच्या मांडणीवर अवलंबून असते.

एक्स-प्लेन १२ मध्ये उड्डाण ठरवतानाच हवामान निवडता येते. इंटरनेटवरून त्या वेळचे खरे हवामान घेणे हा एक पर्याय आहे आणि सगळे हाताने मांडणे हा दुसरा. सरावासाठी मी जवळजवळ नेहमी दुसराच निवडतो, कारण खरे धुके आपल्या वेळापत्रकाप्रमाणे पडत नाही आणि पडलेच तर ते आपल्याला हव्या त्या घनतेचे नसते. हाताने मांडताना आधी तयार नमुने दिसतात : निरभ्र, तुरळक ढग, साधारण ढगाळ, इन्स्ट्रुमेंट नॉन-प्रिसिजन (फक्त दिशेचे मार्गदर्शन असताना), इन्स्ट्रुमेंट प्रिसिजन (दिशा आणि उतार दोन्हींचे मार्गदर्शन असताना), वादळी असे. नवशिक्याने यातल्या इन्स्ट्रुमेंटच्या जोडीवर बोट ठेवून कामाला लागावे अशी ही सोय आहे आणि पहिल्या आठवड्यासाठी ती पुरतेही. पण नमुन्यातला आकडा तुमच्या धावपट्टीच्या मिनिमाशी, म्हणजे उतरण्यासाठी ठरवून दिलेल्या किमान मर्यादेशी, जुळेलच असे नाही. म्हणून त्याच पानावरून आत जाऊन दृश्यमानता, ढगांचे थर, वारा, तापमान आणि हवेचा दाब एकेक करून ठरवावा. दृश्यमानतेसाठी स्वतंत्र आकडा असणे, ही या सिम्युलेटरची माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. हा आकडा अमेरिकी पद्धतीने मैलांत मोजला जातो. आपल्याकडच्या मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालात, दृश्यमानता मीटरमध्ये येते. त्यामुळे अर्धा मैल म्हणजे ८०० मीटर, पाव मैल म्हणजे ४०० मीटर आणि ५५० मीटर म्हणजे साधारण ०.३४ मैल, एवढे तरी पाठ असावे.

आता ५५० मीटर हाच आकडा का, ते नीट समजून घेतले तर पुढची सगळी मांडणी आपोआप उलगडते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे कॅटेगरी एकच्या (सर्वांत साध्या दर्जाच्या) आयएलएसवर, म्हणजे रेडिओ संकेतांनी धावपट्टीपर्यंत आणणाऱ्या व्यवस्थेवर, डिसिजन हाइट, म्हणजे उतरायचे की नाही हे ठरवण्याची उंची, २०० फुटांपेक्षा कमी असू शकत नाही आणि धावपट्टीवरची दृश्यमानता, म्हणजे आरव्हीआर, ५५० मीटरपेक्षा कमी चालत नाही. ग्लाइड स्लोप, म्हणजे खाली उतरण्याचा आखलेला उतार, ३ अंशांचा आहे आणि विमान धावपट्टीच्या उंबरठ्यावरून ५० फुटांवर जाणार आहे, असे धरा. मग २०० फुटांवर असताना ते उंबरठ्यापासून सुमारे ८७० मीटर दूर असते. दृश्यमानता आहे ५५० मीटर. म्हणजे निर्णय घेण्याच्या क्षणी धावपट्टी दिसण्याचा प्रश्नच येत नाही. ती अजून तीनशे मीटरहून अधिक पडद्याआड असते. दिसतात ते फक्त धावपट्टीच्या अलीकडे लावलेले वाट दाखवणारे दिवे, म्हणजे अ‍ॅप्रोच लाइट्स, जे पूर्ण व्यवस्थेत उंबरठ्याच्या अलीकडे ९०० मीटरपर्यंत पसरलेले असतात. त्यातलेही विमानाच्या नाकाखाली झाकलेले दिवे वगळले, तर प्रत्यक्षात साधारण तीनशे मीटर लांबीचा दिव्यांचा एक तुकडा नजरेत येतो. सेसना १७२ सारखे विमान ९० नॉट्सने येत असेल, तर धावपट्टीची कड दिसायला त्यानंतरही सुमारे ७ सेकंद लागतात आणि त्या सात सेकंदांत विमान मिनिटाला ४८० फूट या दराने खाली येतच असते.

हा हिशेब मी फळ्यावर अनेकदा मांडतो आणि मुले मान डोलावतात. पण त्याचा अर्थ त्यांना कळतो तो सिम्युलेटरवर. सेकंड इयरचा एक विद्यार्थी लोकलायझर (धावपट्टीची दिशा दाखवणारा) आणि ग्लाइड स्लोप दोन्ही सुया मध्यावर धरून फार सुंदर उतरत होता. २२० फुटांवर काळ्या-करड्या पडद्यातून दिव्यांची एक फिकट रांग वर आली आणि तो म्हणाला, "सर, दिसलं की!" त्याच क्षणी त्याची नजर उपकरणांवरून उठली ती परत गेलीच नाही. हात नकळत पुढे झाला, नाक दोन अंश खाली गेले, उतरण्याचा दर ४८० वरून ८०० च्या पुढे सरकला आणि ग्लाइड स्लोपची सुई वर पळाली. दिवे दिसले की त्यांच्याकडे झेपावण्याचा हा ओढा जुन्या-नव्या सर्वच वैमानिकांना जाणवतो आणि खऱ्या आयुष्यात यानेच विमाने धावपट्टीच्या अलीकडे आदळली आहेत. दृश्यमानता दोन मैल ठेवून केलेल्या सरावात तो कधीही समोर येत नाही. ०.३४ मैल ठेवली की पहिल्याच फेरीत येतो. विमान थांबवून, रीप्ले लावून, सुई कुठे सुटली ते त्याला दाखवता आले. रीप्लेची सोय एक्स-प्लेनमध्ये पूर्वीपासून आहे आणि प्रशिक्षकाने तिचा भरपूर वापर करावा.

त्यामुळे मी सरावाची रचना मिनिमाच्या आसपास करतो. ढगांची तळउंची धावपट्टीपासून ८०० फूट आणि दृश्यमानता तीन मैल, ही पहिली पायरी. यात उपकरणांवरून नजर बाहेर नेण्याची घाई नसते आणि विद्यार्थी शांतपणे शिकतो. मग एकदम उडी मारून तळउंची २५० फूट आणि दृश्यमानता अर्धा मैल. तिसरी पायरी १०० फूट आणि पाव मैलाहून कमी, जिथे काहीही दिसणार नाही आणि उतरणे सोडून पुन्हा वर जाणे, म्हणजे मिस्ड अ‍ॅप्रोच करावाच लागेल. पण या तीन पायऱ्यांपैकी आज कोणती आहे, हे विद्यार्थ्याला सांगायचे नाही. माझ्या मते कमी दृश्यमानतेच्या सरावातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि एकट्याने सराव करणाऱ्याकडून तीच सुटते. ज्याने स्वतःच्या हाताने १०० फूट भरले आहेत, त्याला २०० फुटांवर काही दिसणार नाही हे आधीच ठाऊक असते. त्याचा मिस्ड अ‍ॅप्रोच हा निर्णय राहत नाही, ती केवळ कवायत होते. यासाठी एक्स-प्लेनमधली इन्स्ट्रक्टरची सोय, म्हणजे जाळ्याने जोडलेल्या दुसऱ्या संगणकावरून हवामान आणि बिघाड बदलण्याची व्यवस्था, फार मोलाची आहे. दुसरा संगणक नसेल तर मित्राला किंवा घरातल्या कुणालाही कागदावर तीन मांडण्या लिहून द्याव्यात, त्यातली एक त्याने भरावी आणि खुर्चीत बसणाऱ्याने हवामानाचे पान उघडूच नये. एवढी शिस्त पाळली तर सरावाची किंमत दुप्पट होते.

उंचीच्या बाबतीत मात्र एक सापळा आहे आणि आपण कोल्हापूरकरांनी त्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. मेटारमध्ये ढगांची उंची विमानतळाच्या पातळीपासून दिलेली असते. एक्स-प्लेन ढगांचे थर समुद्रसपाटीपासून मोजतो. मुंबईचा विमानतळ जवळजवळ समुद्राच्याच पातळीवर असल्याने तिथे हा फरक जाणवत नाही. आपला उजळाईवाडीचा छत्रपती राजाराम महाराज विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फूट उंचीवर आहे. त्यामुळे इथे ३०० फुटांवर ढग हवे असतील तर २३०० भरावे लागतात. ३०० भरले तर थराचा तळ जमिनीच्या पोटात जातो आणि मग वरची बाजू कुठे आहे त्यावर अवलंबून एकतर सगळा विमानतळ ढगात बुडतो किंवा आकाश मोकळे दिसते. बेळगावलाही हेच, फक्त आकडा आणखी मोठा. डिसिजन अ‍ॅल्टिट्यूडही अल्टिमीटरवर (हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या उपकरणावर) समुद्रसपाटीपासून वाचली जाते, हे लक्षात ठेवले की दोन्ही आकडे एकाच भाषेत येतात आणि तुलना सोपी होते. थराची वरची बाजूही विचार करून ठेवावी. वरची बाजू विमानतळापासून तीन-चार हजार फूट ठेवली तर अ‍ॅप्रोचचा सगळा मार्ग ढगात जातो आणि विद्यार्थ्याला उसंत मिळत नाही; सरावाचा हेतू तोच असेल तर तसेच ठेवावे.

हवेचा दाब बहुतेक जण जसाच्या तसा सोडून देतात. सुरुवातीला दिसणारा १०१३ हेक्टोपास्कल हा आकडा प्रमाण वातावरणाचा आहे. आपल्या पावसाळ्यात क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला स्थानिक दाब, त्याहून बराच खाली असतो. एका हेक्टोपास्कलला साधारण २७ ते ३० फूट धरले, तर क्यूएनएच १००३ असताना अल्टिमीटर १०१३ वर राहिला की तो पावणेतीनशे फूट जास्त उंची दाखवतो. म्हणजे सुई अजून २०० फुटांची डिसिजन हाइट दाखवत असतानाच विमान जमिनीवर आदळून गेलेले असेल. निरभ्र हवेत ही चूक डोळ्यांनी पकडली जाते. धुक्यात तिला पकडणारे कुणी नसते. म्हणून प्रत्येक मांडणीत दाब बदललाच पाहिजे आणि विद्यार्थ्याने एटिस, म्हणजे रेडिओवरची विमानतळाची ध्वनिमुद्रित माहिती, ऐकून तो स्वतः लावला पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये बी हे बटण दाबले की अल्टिमीटर आपोआप बरोबर होतो. ती सोय सरावाच्या वेळी वापरायची नाही, असा माझा आग्रह असतो.

वाऱ्याकडे आणि तापमानाकडे पाहताना हवामानशास्त्र विसरू नये. दाट धुके आणि २० नॉट्सचा वारा अशी जोडी मुले सहज भरतात, कारण दोन्ही कठीण आहे. पण रात्री जमीन थंड होऊन पडणाऱ्या धुक्याला जवळजवळ शांत हवा लागते. वारा वाढला की ते उचलले जाऊन खालच्या ढगाचा थर बनते किंवा विरते. आपल्याकडे हिवाळ्याच्या पहाटे पंचगंगेच्या काठावर आणि आजूबाजूच्या उसाच्या पट्ट्यात साचते ते या जातीचे असते. पावसाळ्याचे चित्र निराळे. गगनबावडा आणि राधानगरीच्या बाजूने पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीवर ढग चढवत आणतो, खालच्या थराला तुटक कडा असतात, अधूनमधून रिपरिप सुरू होते आणि दृश्यमानता दोन-तीन हजार मीटरवर रेंगाळते. त्यासाठी १५ ते २० नॉट्सचा वारा, थोडी खळबळ, १००५ च्या आसपासचा दाब, तापमान बावीस-तेवीस अंश आणि खालचा थर विमानतळापासून ५०० फुटांवर, अशी मांडणी मी करतो. उजळाईवाडीची धावपट्टी ०७ आणि २५ अशी असल्याने या वाऱ्यात २५ वरून, म्हणजे साधारण पश्चिमेकडे तोंड करून, उड्डाण होते, आणि चाके सुटल्यावर मिनिटभराच्या आतच सगळे पांढरे होते. उड्डाणानंतर लगेच ढगात शिरण्याचा सराव उतरण्याच्या सरावाइतकाच गरजेचा आहे. तो फारसा कुणी करत नाही. मेटारमध्ये दृश्यमानता १००० मीटरच्या खाली असेल तरच धुके म्हणतात, १००० ते ५००० मीटर असेल तर ती धूसरता, हा भेदही अशा मांडण्यांतून मुलांच्या अंगवळणी पडतो.

एक्स-प्लेन १२ मध्ये आणखी एक सोय आहे, जिच्याकडे खरेदी करणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. हवामान काळानुसार कसे बदलावे, हे त्यात ठरवता येते : वेगाने सुधारणारे, हळूहळू सुधारणारे, स्थिर, हळूहळू बिघडणारे, वेगाने बिघडणारे. शिवाय अंतरानुसार ते किती बदलावे, याचेही प्रमाण देता येते. सुरुवातीच्या सरावात हवामान स्थिर आणि अंतरानुसार बदल शून्य ठेवावा, नाहीतर विमानतळावर आपण भरलेला आकडा राहील याची खात्री नसते. विद्यार्थी तयार झाला की बिघडणारे हवामान लावावे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमानतळाच्या पातळीपासून १००० फुटांवर येण्याआधी आरव्हीआर मिनिमाच्या खाली गेला, तर अ‍ॅप्रोच पुढे चालू ठेवता येत नाही. त्या टप्प्याच्या खाली आल्यावर कळले, तर डिसिजन हाइटपर्यंत जाता येते. हा नियम परीक्षेत सर्वांना येतो. पण बाराशे फुटांवर असताना शेजारी बसलेल्याने शांतपणे "आरव्हीआर चारशे" असे सांगितले, की किती जण लगेच मिस्ड अ‍ॅप्रोच करतात आणि किती जण आणखी थोडे खाली जाऊन पाहू म्हणतात, ते बघण्यासारखे असते. या सोयीमुळे तो प्रसंग खोटा वाटत नाही, कारण खिडकीबाहेरचे चित्रही खरोखर दाटत जाते.

सरावासाठी धावपट्टी निवडताना एक खबरदारी घ्यावी. वर सांगितले त्याप्रमाणे निर्णयाच्या क्षणी सगळी भिस्त अ‍ॅप्रोच लाइट्सवर असते. एक्स-प्लेनमधले बहुतेक विमानतळ जगभरच्या हौशी मंडळींनी तयार करून दिलेले आहेत आणि त्या धावपट्टीच्या नोंदीत दिव्यांचा प्रकार भरलेला नसेल, तर सिम्युलेटर ते दिवे दाखवत नाही. अशा धावपट्टीवर ५५० मीटरची दृश्यमानता लावून केलेला सराव फुकट जातो, कारण प्रत्यक्षात जे दिसायला हवे ते तिथे नसतेच. म्हणून आधी निरभ्र संध्याकाळ लावून, दहा मैलांवरून अ‍ॅप्रोचला विमान ठेवून, दिवे आहेत का आणि प्रत्यक्षातल्या रचनेशी जुळतात का, हे पाहून घ्यावे. आयएलएसची वारंवारता आणि दिशा भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या एआयपी या अधिकृत माहितीपुस्तिकेतल्या नकाशांशी ताडून पाहावी; ते नकाशे संकेतस्थळावर मोफत मिळतात. आयएलएसच्या सरावाला मी मुंबईची २७ धावपट्टी पसंत करतो. अनुभवी झालेल्यांना दिल्लीच्या हिवाळ्याची मांडणी देतो, कारण कॅटेगरी तीनची (अत्यंत कमी दृश्यमानतेतही उतरवणारी) व्यवस्था तिथे का उभारावी लागली, हे १५० मीटर दृश्यमानतेत एकदा बसल्याशिवाय कळत नाही.

तुलनेसाठी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरबद्दल लिहिलेच पाहिजे, कारण बहुतेक मुलांकडे आधी तोच असतो. २०२० च्या आवृत्तीतले ढग आणि उजेड इतके सुंदर आहेत की त्यापुढे एक्स-प्लेन कोरडा वाटतो, आणि पन्हाळ्यावरून पावसाळी आकाश बघायचे असेल तर मी स्वतः तोच उघडतो. पण त्याच्या हवामानाच्या पानावर दृश्यमानतेचा थेट आकडाच नाही. हवेतल्या कणांची घनता वाढवावी लागते आणि ढगाचा थर जमिनीपर्यंत ओढून त्याचे आवरण आणि दाटपणा कमी-जास्त करत, नजरेच्या अंदाजाने धुके साधावे लागते. ते दिसते अप्रतिम, पण ते ४०० मीटर आहे की ७००, हे मोजून कळते. धावपट्टीवर उभे राहून कडेचे दिवे मोजणे हा एक मार्ग आहे. मांडणी एकदा जमली की ती साठवून ठेवता येते, आणि साठवलेली फाइल साध्या मजकुराची असल्याने थरांचे आकडे त्यात हाताने बदलताही येतात. ढगांची उंची जमिनीपासून मोजायची की समुद्रसपाटीपासून, हे निवडण्याची सोयही त्यात आहे आणि ती एक्स-प्लेनपेक्षा सरस आहे.

एका प्रकारच्या धुक्यासाठी तर मी मायक्रोसॉफ्टचाच सिम्युलेटर वापरायला सांगेन. जमिनीला चिकटलेले, शंभर-दीडशे फूट जाडीचे उथळ धुके वरून पाहताना पारदर्शक वाटते. हजार फुटांवरून खाली बघितले की सगळी धावपट्टी स्पष्ट दिसते, कारण नजर धुक्याच्या पातळ थरातून सरळ खाली जाते. विमान खाली येऊन नजर तिरपी झाली की तीच नजर त्या थरातून शेकडो मीटर जाते, आणि नेमके फ्लेअर करण्याच्या (टेकण्याआधी नाक उचलण्याच्या) वेळी धावपट्टी नाहीशी होते. वरून दिसत होते म्हणून वैमानिक निर्धास्त असतो. जोतिबाच्या डोंगरावरून हिवाळ्यात सकाळी खालचे पांढरे पटल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये जमिनीपासून शून्य फुटांवर तळ आणि २०० फुटांवर माथा असा थर मांडला की हा धोका चांगला अनुभवता येतो.

आता मर्यादा. पहिली मर्यादा कोणत्याही घरगुती सिम्युलेटरची आहे : खुर्ची हलत नाही. ढगात वैमानिकाला फसवतो तो कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव, आणि पडद्यासमोर बसलेल्याचा तो अवयव पूर्ण वेळ खरेच सांगत असतो. त्यामुळे घरी शंभर अ‍ॅप्रोच बिनचूक केलेल्या मुलालाही पहिल्यांदा खऱ्या ढगात विमान डावीकडे झुकल्याची खोटी जाणीव होणारच आहे. त्याची कल्पना त्याला आधी द्यावी आणि उपकरणांवर विश्वास ठेवण्याची सवय हाच त्यावरचा उपाय असल्याचे सांगावे. दुसरी मर्यादा नियमांची आहे. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांप्रमाणे इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी ४० तासांचा इन्स्ट्रुमेंट अनुभव लागतो आणि त्यातले जास्तीत जास्त २० तास सिम्युलेटरवरचे चालतात, पण तो सिम्युलेटर मान्यताप्राप्त असावा लागतो. घरच्या संगणकावरचा एकही तास लॉगबुकात जात नाही. पालकांना हे स्पष्ट सांगावे, कारण काही विक्रेते याबाबत मोघम बोलतात. घरच्या सरावाचा फायदा वेगळा आहे : फ्लाइंग स्कूलमध्ये प्रत्येक तासाला मोठी रक्कम मोजताना विद्यार्थी क्रम आठवण्यात वेळ घालवत नाही.

खर्चाबाबत दोन गोष्टी. धुक्याच्या सरावाला सर्वांत महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही, पण फार जुन्या संगणकावर भागतही नाही. एक्स-प्लेन १२ चे ढग रेखाटण्याचा भार मोठा असतो, आणि सेकंदाला साधारण २० चित्रांच्या खाली गती गेली की एक्स-प्लेन सिम्युलेशनचा काळच संथ करतो. मग भिंतीवरचे घड्याळ आणि विमानातला काळ यांचा मेळ राहत नाही आणि स्टॉपवॉच लावून करायचा नॉन-प्रिसिजन अ‍ॅप्रोच साफ चुकतो. म्हणून दाट ढग लावून चित्रांची गती आधी तपासावी आणि गरज पडल्यास देखाव्यांचा दर्जा खाली आणावा. धुक्यात देखावे दिसणार नाहीतच. दुसरी गोष्ट इंटरनेटची. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर भूप्रदेशाची चित्रे उडताना जाळ्यावरून घेतो. एक्स-प्लेन एकदा उतरवून घेतला आणि हवामान हाताने मांडले, की जाळ्याशिवायही सराव चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे असतात, तेव्हा ही गोष्ट लहान नाही.

विकत घेण्याआधी एक्स-प्लेन १२ चा मोफत डेमो उतरवून पाहावा. त्यात वेळेची मर्यादा आहे, पण हवामानाचे पान त्यात उघडते आणि आपल्या संगणकावर दाट ढगांत चित्रांची गती किती राहते हे अर्ध्या तासात कळते. जॉयस्टिक साधी चालेल. थ्रॉटलसाठी स्वतंत्र दांडा असलेली मात्र घ्यावी, कारण मिस्ड अ‍ॅप्रोचला पहिली हालचाल त्याच हाताची असते आणि ती कळफलकावरून शिकता येत नाही.